टाकीतलं शेवाळ खायला आणलेला सकर मासा 14 इंचांचा झाला, आता काय करू?

काचघर

पुण्यात आमच्या घरी माशांची 3 फुटी टाकी आहे, साधारण 150 लिटरची. सहा वर्षांपूर्वी लेक चौथीत असताना घेतली. दोन महिन्यांत काच हिरवी झाली म्हणून दुकानात विचारलं, तर दुकानदार म्हणाला, “सकर टाका, सगळं साफ करतो.” दोन इंची पिल्लू पिशवीत बांधून दिलं, 30 रुपये. केवढा वाढतो ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पहिलं वर्षभर त्यानं काच खरंच लख्ख ठेवली. आता तो शेपटीसकट 14 इंच आहे आणि टाकीची रुंदी 15 इंच. वळायचं म्हटलं की त्याला अंग मुडपून घ्यावं लागतं. रात्री दिवा बंद झाला की झाडं उपटतो, दगड सरकवतो, तळाचा गाळ वर उडवतो. काचेवर हिरवे ठिपके आहेत, अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांच्या कडेला काळ्या दाढीसारखी लव आली आहे, पण त्याकडे तो ढुंकूनही बघत नाही. लेकीनं त्याचं नाव काळोबा ठेवलंय. ती काकडीची चकती काट्याला टोचून तळाशी ठेवते, आणि तिची चाहूल लागली की तो लाकडाखालून पुढे येतो.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. शेवाळ खाणारा दुसरा कुठला मासा आणावा? आणि काळोबाचं काय करावं? शेजारचे सांगतात, खडकवासल्याला नेऊन सोडा. माझं मन घेत नाही, पण का घेत नाही ते त्यांना नीट पटवून देता येत नाही.

निवळी

मासा नंतर बघू. दिवा किती तास चालू असतो? टाकीवर ऊन येतं का? खाणं किती वेळा घालता?

काचघर

दिवा सकाळी 7 ला लागतो तो रात्री 10 ला बंद होतो. टाकी पूर्वेच्या खिडकीजवळ आहे, सकाळी तासभर ऊन पडतं. खाणं दोनदा, आणि आजोबा दुपारी आणखी एकदा घालतात. पाणी पंधरा दिवसांनी निम्मं बदलतो.

निवळी

मग तुमची टाकी शेवाळाला पंधरा तास जेवू घालते आहे. प्रकाश आणि खत मिळालं की ते वाढणारच. उरलेलं खाणं आणि माशांची विष्ठा हे त्याचं खत. 14 इंची सकर दिवसभरात जेवढी विष्ठा टाकतो, तेवढी बाकीचे मासे मिळूनही टाकत नसतील. तळाशी त्या लांब तपकिरी दोऱ्या दिसतात ना, त्या त्याच्याच. ‘सकर घाण खातो’ हा समज दुकानांतून पसरलाय. कुठलाच मासा विष्ठा खाऊन टाकी साफ ठेवत नाही, सकर तर त्यात भरच घालतो.

मी इतकंच करीन: दिवा टायमरवर लावून सात तास. खिडकीच्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद. खाणं दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि आजोबांना रोजची चिमूट मोजून डबीत भरून द्यायची म्हणजे त्यांचाही हात राहतो. पंधरा दिवसांनी निम्मं बदलण्यापेक्षा दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, अँटिक्लोरीन घालून.

शेवाळ सगळं एक नसतं, हेही बघा. नव्या टाकीत तपकिरी धुळीसारखं येतं ते डायटम, बोटानं पुसलं तरी जातं आणि बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरतं. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके ब्लेडनं खरवडावे लागतात, कुठल्याही माशाच्या तोंडाला ते सहजी निघत नाहीत. पाणीच हिरवं झालं तर ते तरंगतं शेवाळ, तिथे चिकटून खाणारा मासा काय करणार? टाकी चादरीनं झाकून तीन दिवस अंधार केला की त्यात फरक पडतो. निळसर हिरवी, बुळबुळीत, वास मारणारी साय येते ते तर शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, त्याला मासे तोंड लावत नाहीत.

तुमच्या पानांवरची काळी दाढी मात्र वेगळी. दिसते काळी, पण ती लाल शेवाळाच्या कुळातली. एक पान तोडून वाटीत स्पिरिटमध्ये बुडवून ठेवा आणि काय होतं ते इथे सांगा.

मोकळं_पाणी

एवढा विचार कशाला? जिवंत जीव आहे, छोट्या काचेत कोंडण्यापेक्षा धरणात सोडलात तर त्याला मोकळं पाणी मिळेल. आमच्याकडे देवळाच्या तळ्यातही लोक मासे सोडतात. पुण्यच आहे.

भीमेकाठी

हे वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

माझं माहेर उजनीच्या पाण्याला लागून, भिगवणपासून जवळच. मामा, मामेभाऊ सगळे मासेमारी करतात. पहाटे अंधारात होडी घेऊन जायचं, संध्याकाळी टाकलेली तंगुसाची जाळी उचलायची, उजाडायच्या आत माल बाजारात. चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम, जे येईल ते. गेली काही वर्षं त्या जाळ्यात सकर येतात. तुमच्या टाकीतला तोच मासा.

तो जाळ्यात आला की काय होतं ते सांगते, कारण मी स्वतः काढायला बसलेय. त्याच्या अंगावर खवले नसतात, हाडाच्या पट्ट्या असतात, एकीवर एक बसवलेल्या, कौलांसारख्या. पाठीच्या आणि छातीच्या पराला पुढे जाड काटा. तो काटा ताठ केला की जाळीचे पाचसहा पीळ त्यात बसतात आणि जितकं ओढाल तितके घट्ट होतात. चिलापी एका हिसक्यात निघते. याला काढायला मामा शेवटी कातरच घेतात. एका सकरामागे वीतभर जाळं जातं, आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. मग संध्याकाळी मामी अंगणात दिव्याखाली बसून ती भोकं विणते.

हा मासा मरतही नाही लवकर. हवा गिळून पोटातून प्राणवायू घेतो, पाण्याबाहेर कित्येक तास जिवंत राहतो. घाण पाण्यात बाकीचे मासे वर येऊन तडफडतात तेव्हा हा तळाशी शांत असतो. नर काठाच्या मातीत बिळं खणून त्यात अंडी राखतात, त्यानं काठ ढासळतात. तळाचं शेवाळ तो खरवडून नेतो, मग आपल्याकडचे जे मासे त्यावर जगतात त्यांनी काय खायचं?

आणि हे काही उजनीपुरतं नाही. 2020 साली वाराणसीला गंगेत सापडला तेव्हा सगळीकडे बातमी झाली होती. कोलकात्याच्या पूर्वेच्या पाणथळीतल्या भेड्यांमध्ये, म्हणजे मासे वाढवायच्या तळ्यांमध्ये आहे, केरळात, तमिळनाडूत आहे. मेक्सिकोत इन्फिएर्निलो नावाचं मोठं धरण आहे, तिलापियाच्या, म्हणजे आपल्या चिलापीच्या मासेमारीसाठी नावाजलेलं. तिथेही जाळ्यात तिलापियाच्या जागी हेच येऊ लागले. हा मासा दक्षिण अमेरिकेतला. तो आपल्या पाण्यात चालत आला नाही. कोणीतरी कुठेतरी ‘याला मोकळं पाणी मिळेल’ म्हणूनच सोडला असणार.

मोकळं_पाणी, तुमच्या मनात दया आहे हे कळतं मला. पण माझ्या मामीच्या हातांचाही विचार करा.

मोकळं_पाणी

ताई, यातलं काहीच माहीत नव्हतं. मी स्वतः दोन वर्षांपूर्वी एक सकर गावच्या ओढ्यात सोडला होता. लिहिलेलं मागे घेतो.

काचघर

भीमेकाठी, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद शेजाऱ्यांना जसाच्या तसा वाचून दाखवला. लेकीलाही दाखवला. नदीत सोडणार नाही, हे पक्कं ठरलं.

स्पिरिटचा प्रयोग केला. घरात जखमेसाठी असतं तेच. काळी दाढी रात्रभरात गुलाबी-लालसर झाली आणि वाटीतलं स्पिरिट हिरवट. लेक भिंग घेऊन बसली होती, तिनं दर तासाला वहीत रंग लिहून ठेवले आहेत.

निवळी

हिरवं द्रव्य स्पिरिटमध्ये उतरलं आणि आतला लाल रंग दिसू लागला. म्हणजे तीच ती, काळी दाढी. एकदा मुळावली की पानाबरोबरच काढावी लागते. जास्त माखलेली पानं देठापासून कापा. उरलेल्याला एकच मासा खात्रीनं तोंड लावतो: सायामीज अल्गी ईटर. त्याबद्दल ‘तिसरा_पर’ यांना लिहू द्या, त्यांच्याकडे मी पाहिलेत.

तिसरा_पर

लिहितो. पण आधी सावध करतो, कारण या एका नावाखाली बाजारात तीन वेगळे मासे मिळतात आणि चूक झाली तर टाकीतल्या बाकीच्या माशांच्या जिवावर बेतते.

खरा सायामीज म्हणजे क्रॉसोकायलस. बारीक, लांबट, नाकापासून निघालेला काळा पट्टा शेपटीच्या बेचक्यात थेट टोकापर्यंत जातो. पट्ट्याची कड जवळून बघा, ती सरळ नसते, दातेरी असते. पर स्वच्छ, काचेसारखे. थांबतो तेव्हा पोटाखालच्या परांवर टेकून बसतो, कोपरं टेकल्यासारखा.

दुसरा फ्लाइंग फॉक्स. पट्ट्याची कड रेघ मारल्यासारखी सरळ, वर सोनेरी रेघ, परांना काळा-पांढरा रंग. देखणा आहे, पण दाढीला हात लावत नाही आणि मोठा झाला की आपल्या जातीच्या माशांशी भांडतो.

तिसरा म्हणजे चायनीज अल्गी ईटर, जायरिनोकायलस. नाव चायनीज, पण तो थायलंड-मेकाँगकडचा. आपल्याकडे सोनेरी पिवळा मिळतो, तोच. लहानपणी भरपूर शेवाळ खातो, म्हणून दुकानात छाती ठोकून सांगतात. पण तो 25 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वाढला की त्याची आवड बदलते. माझ्याकडे दोन एंजल मासे होते. एका सकाळी त्यातल्या एकीच्या कुशीवर रुपयाएवढा गोल फिका डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तिथली खवलं गेली, खालचं मांस लाल दिसायला लागलं. मला वाटलं बुरशी, औषध घातलं. तिसऱ्या रात्री मोबाईलचा उजेड लावून बसलो तेव्हा दिसलं, हा पिवळा तिच्या अंगाला तोंड लावून घट्ट चिकटला होता आणि ती त्याला घेऊन टाकीभर धावत होती. चपट्या माशांच्या अंगावरचा चिकट थर त्याला खायचा असतो. कल्ल्यांच्या वर त्याला वेगळं छिद्र असतं, पाणी तिथून आत घेतो. त्यामुळे श्वासासाठी तोंड सोडायची गरजच पडत नाही. ती एंजल वाचली नाही.

तेव्हा दुकानात पट्टा बघा, पर बघा, आणि पिवळ्याला हात लावू नका. सायामीज तीनचार एकत्र ठेवा. मोठे झाल्यावर त्यांनाही गोळ्यांची सवय लागते आणि शेवाळ विसरतात, म्हणून खाणं कमीच ठेवावं लागतं. वाढून 12 ते 15 सेंटिमीटर होतात, तुमच्या 3 फुटी टाकीला चालतील. वर झाकण हवं, उड्या मारतात.

रानओढा

आपल्याकडचा मासा कोणी सांगतच नाहीये, म्हणून मी सांगतो. मळ्या.

सह्याद्रीच्या ओढ्यांत, नद्यांच्या वरच्या अंगाला असतो. बोटभर, मातकट तपकिरी, शेपटीकडे गडद पट्टा. उन्हाळ्यात आजोळी गेलो की आम्ही मुलं धारेतल्या दगडावर पालथे पडून बघायचो. पाणी एवढ्या जोरात की पाय ठरत नसे, आणि हा दगडाला चिकटून निवांत चरायचा. पुढे सरकला की दगडावर मागे फिकट वाट उमटायची, शेवाळ खरवडलेली. एकदा काचेच्या बरणीत घेऊन खालून पाहिलं: खालच्या ओठामागे गोल चकती, बरणीच्या काचेला चिकटलेली. त्यावरच तो तग धरतो. पाहून झालं की बरणी तिथेच धारेत ओतून द्यायचो.

कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1839 साली दख्खनच्या माशांची वर्णनं दिली, तेव्हा इथल्या लोकांकडून ऐकलेली नावंच त्यानं लॅटिनमध्ये बसवली. मळ्याचं शास्त्रीय नाव आजही गारा मुल्या आहे. महसीरच्या टॉर खुद्री या नावातलं ‘खुद्री’ त्यानंच दिलेलं, आणि तो मासा त्यानं पुण्याच्या मुळा-मुठेतला म्हणून नोंदवला. आपल्या बोलीतले शब्द जगभरच्या माशांच्या पुस्तकांत आहेत, याचा मला फार अभिमान वाटतो.

पण काचघर, ओढ्यातून पकडून आणू नका. त्याला थंड, धावतं, प्राणवायूनं भरलेलं पाणी लागतं. पुण्याच्या उन्हाळ्यात 30-32 अंशांच्या संथ टाकीत तो खंगतो. तो ज्यावर जगतो ते दगडावरचं शेवाळ खायला उद्या सकर तिथे पोचला तर काय होईल, याचीच मला काळजी आहे. भीमेकाठींनी तेच विचारलंय.

राईनकाठ

मी जर्मनीत राहते, इथे कॅटफिश पाळणारे फार. सकराच्या कुळात इतके मासे बिननावाचे येऊ लागले की 1988 पासून इथल्या एका मत्स्यपालन मासिकानं त्यांना एल-क्रमांक द्यायला सुरुवात केली. इथे लोक दुकानात नाव विचारत नाहीत, क्रमांक विचारतात. त्यातून निदान केवढा वाढणार ते आधी कळतं.

सकरच हवा असेल तर ब्रिसलनोज घ्या, अँसिस्ट्रस. 12-15 सेंटिमीटरवर थांबतो. नराच्या तोंडावर फांद्याफांद्यांच्या मिशा येतात. नर कपारीत बसून अंड्यांना परांनी वारा घालतो, दिवसच्या दिवस बाहेर येत नाही. माझा नर तुटलेल्या मातीच्या कुंडीत बसतो. लाकडाचा तुकडा टाकीत हवाच, तो खरवडत राहतात.

छोट्या टाकीसाठी ऑटो, म्हणजे ऑटोसिंक्लस. चारपाच सेंटिमीटरचा, मऊ शेवाळ आणि डायटम खाणारा, पाचसहाच्या घोळक्यात खूश. पण ते बहुतेक नदीतून पकडलेले असतात आणि वाटेत उपाशी राहतात. दुकानात काचेला चिकटलेला असताना खालून पोट बघा. आत गेलेलं असेल तर घरी आणल्यावर आठवड्यात जातो. पोट गोल असेल तरच घ्या, आणि किमान चारपाच महिने मुरलेल्या टाकीतच सोडा. बोअरच्या कठीण पाण्यात त्यांचं फारसं जमत नाही.

पहिली_टाकी

मध्येच विचारते, माफ करा. माझ्याकडे काचेचा गोल बाउल आहे, त्यात एक गोल्डफिश. आतून हिरवं होतं. यातला कुठला मासा टाकू?

निवळी

एकही नको, ताई. बाउलमध्ये त्या एका गोल्डफिशलाच पाणी अपुरं आहे. स्वच्छ नवा स्पंज, साबण न लावलेला, फक्त याच कामाला ठेवा आणि आठवड्यातून दोनदा हातानं पुसा. जमेल तेव्हा दोन फुटांची टाकी आणि स्पंज फिल्टर घ्या. त्यानंतर वाटलं तर नेराइट गोगलगाय आणा. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके खाणारा माझ्या पाहण्यातला तोच एक प्राणी. त्याची अंडी पांढऱ्या ठिपक्यांसारखी काचेवर चिकटतात, पण गोड्या पाण्यात त्यातून पिल्लं वाढत नाहीत, त्यामुळे टाकी गोगलगायींनी भरत नाही.

मळ्यातला_हौद

काचघर, सातारा रोडला आमची शेती आहे. बांधीव हौद आहे, अंदाजे 2,000 लिटरचा, वर निम्म्या भागाला पत्रा. त्यात मोठे गोल्डफिश आणि दुसऱ्या एकाचा असाच वाढलेला सकर आहे. काळोबाला आणा. हौदाचं जादा पाणी पाइपानं नारळाच्या आळ्यात जातं, ओढ्यात नाही, आणि पाइपाच्या तोंडाला बारीक जाळी बसवली आहे. भीमेकाठींचं वाचून काल पुन्हा तपासली, एका कोपऱ्यात सुटली होती, ती तारेनं आवळली.

आणताना प्लॅस्टिकची पिशवी वापरू नका, काटा आरपार जातो. जाळीनंही पकडू नका, अडकला तर जाळीच कापावी लागेल. टाकीतलं पाणी कमी करा, डबा आडवा धरून त्यात हाकला. झाकणाची बादली, टाकीचंच पाणी, आणि आदल्या दिवशी उपाशी ठेवा म्हणजे वाटेत पाणी घाण होणार नाही.

काचघर

रविवारी येतो. लेकीला घेऊन. नंबर मला इथल्या विचारपूसमध्ये निरोप टाकून कळवा.

काचघर

पाच आठवड्यांनी लिहितोय.

काळोबाला डब्यात घ्यायला पाऊण तास लागला. त्याला लाकडाखालून निघायचंच नव्हतं, शेवटी लाकडासकट उचललं. बादली लेकीनं पूर्ण रस्ताभर दोन पायांत धरली होती. हौदात सोडल्यावर तो क्षणभर तसाच राहिला, मग तळाला गेला आणि दिसेनासा झाला. ती परत येताना बोलली नाही.

टाकीचं सांगतो. दिवा सात तासांवर, खिडकीला काळा कागद, आजोबांची डबी सुरू. नऊ पानं कापली. तीन सायामीज आणले, दुकानात अर्धा तास उभा राहून पट्ट्याच्या कडा बघितल्या. त्यांच्याच टाकीत दोन फ्लाइंग फॉक्स होते, ‘सगळे एकच’ म्हणून ठेवलेले. पहिल्या आठवड्यात काही हालचाल नाही. दुसऱ्या आठवड्यात लेकीनं हाक मारली. एक सायामीज पानाच्या कडेशी उलटा होऊन दाढी खेचत होता, मान झटकून झटकून, बकरी बोर ओरबाडते तसा. आज जुन्या दोन पानांवरची दाढी निम्म्याहून कमी झाली आहे. काचेवरचे ठिपके मी ब्लेडनं काढतो.

हौदवाल्यांना विचारायचं होतं, काळोबा कसा आहे? ती रोज विचारते.

मळ्यातला_हौद

दोन दिवस दिसला नाही, मलाही काळजी वाटली. मग हौदाच्या कोपऱ्यात सिमेंटच्या पाइपाचा तुकडा ठेवला. आता त्यात तोंड बाहेर काढून बसलेला असतो. दुधीची फोड तारेला अडकवून सोडतो, संध्याकाळी अर्धी झालेली असते. सालाकडचा भाग ठेवतो, आतलं खातो. लेकीला सांगा, काकडी मात्र तो माझ्या हातून घेत नाही. ती आली की बघू.